‘निजणे’, ‘झोप लागणे’, ‘अंगात येणे’ : निद्रा, स्वप्न व संचार यांच्या परिभाषेची एक चिकित्सा

१

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण सटाणा हे आरम नदीच्या काठी वसले आहे. देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या मंदिरामुळे व मार्गशीर्षातील यात्रेमुळे ते महाराष्ट्रात परिचित आहे. भाषेच्या अभ्यासकास मात्र या गावाचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटावे. कचेरी, शाळा व वर्तमानपत्र यांची भाषा येथे प्रमाण मराठी. घराची व बाजाराची भाषा बहुतांशी अहिराणी. आणि पश्चिमेच्या डोंगरपट्टीत कोकणा व भिल्ल समाजाच्या बोली. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीला सातव्या खंडात (१९०५) स्थान दिले, परंतु खानदेशीला नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली बोलींच्या शेजारी बसविले. हे वर्गीकरण पुढे वादग्रस्त ठरले. तरीही सटाण्याचा परिसर भाषांच्या सांध्यावर उभा आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

हाच परिसर मनोव्यापारांच्या दृष्टीनेही सांध्यावर उभा आहे. शेजारच्या कळवण तालुक्यातील सप्तशृंग गडावर चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांत ‘अंगात येण्याचे’ दृश्य अपरिचित नाही. मार्गशीर्षात डोंगरपट्टीतील आदिवासी समाज डोंगऱ्या देवाचा उत्सव व्रतस्थ राहून करतो. पावरीच्या सुरावर रात्री नाचत जागविल्या जातात आणि काही उपासकांच्या अंगात ‘वारे’ येते. निद्रा, जागरण, स्वप्न व संचार या चारही गोष्टी येथे ग्रंथातल्या नसून रोजच्या बोलण्यातल्या आहेत.

असे असूनही या विषयावरील आपले बहुतेक लेखन दोन टोकांना राहिले आहे. एका टोकाला मानसशास्त्राची भाषांतरित पाठ्यपुस्तके आहेत; त्यांत ‘जाणिवेच्या बदललेल्या अवस्था’ ही संज्ञा येते, पण या अवस्थांविषयी मराठी माणूस काय बोलतो याची दखल नसते. दुसऱ्या टोकाला संतवाङ्मयाचे विवेचन आहे. त्यात स्वप्नदृष्टान्ताची महती येते, पण स्वप्नाच्या स्वरूपाचा विचार नसतो. दोन्ही पक्षांनी एक साधन हाताबाहेर राहू दिले आहे, आणि ते म्हणजे क्रियापद. प्रस्तुत लेखाचा हेतू या साधनाची योग्यता व तिची मर्यादा, दोन्ही तपासून पाहण्याचा आहे.

२

‘मी निजलो’ आणि ‘मला झोप लागली’ ही वाक्ये सामान्यतः समानार्थी मानली जातात. ती तशी नाहीत. ‘मी दहा वाजता निजलो, पण दोनपर्यंत झोप लागली नाही’ या वाक्यात कोणतीही विसंगती कोणास जाणवत नाही. पहिल्या क्रियेचा कर्ता ‘मी’ आहे; ती ठरवून करता येते, टाळता येते, तिची आज्ञाही देता येते. दुसऱ्या क्रियेत ‘मी’ कर्तेपदावरून उतरून चतुर्थीत आला आहे. आईने मुलाला ‘नीज’ म्हणावे. ‘तुला झोप लागू दे’ ही मात्र आज्ञा नव्हे, इच्छा आहे.

चतुर्थीतील या अनुभवकर्त्याबरोबर येणारी क्रियापदे मोजकी आहेत आणि त्यांची कामे वाटलेली आहेत. ‘येणे’ हे आरंभाचे क्रियापद होय : झोप येते, पेंग येते, गुंगी येते, ग्लानी येते आणि शेवटी जागही येते. ‘लागणे’ हे जडून राहण्याचे क्रियापद होय : झोप लागते, डोळा लागतो, तंद्री लागते, ध्यान लागते, समाधी लागते. ‘पडणे’ हे अकल्पितपणे कोसळण्याचे क्रियापद होय : स्वप्न पडते, भूल पडते, विसर पडतो, संभ्रम पडतो. ज्याला झोप ‘आली’ त्याला ती ‘लागेलच’ असे नाही. ज्याला ती ‘लागली’ त्याला स्वप्न ‘पडेलच’ असेही नाही. रात्रीचा सारा क्रम या तीन क्रियापदांनी आखून दिला आहे.

सटाण्याच्या बाजारात हीच रचना प्रत्यय बदलून ऐकू येते. ‘मला स्वप्न पडले’ याचे अहिराणीत ‘माले सपन पडनं’ असे होते; चतुर्थीचा ‘ला’ जाऊन ‘ले’ आला, भूतकाळाचे रूप पालटले, पण माणसाचे वाक्यातील स्थान तेच राहिले. संचाराच्या बाबतीत तर आणखी एक पायरी दिसते. ‘तिच्या अंगात देवी आली’, किंवा अहिराणीत ‘त्याना आंगमा देव उना’, या वाक्यांत माणूस चतुर्थीतही उरत नाही. कर्ता देव, माणसाच्या वाट्याला केवळ षष्ठी, आणि तीही ‘अंग’ या शब्दाची धनी म्हणून. तो घटनेचे स्थळ झाला आहे.

अशा रीतीने तीन पायऱ्यांची एक उतरंड हाती येते. ‘मी निजलो’ येथे माणूस कर्ता आहे. ‘मला झोप लागली, स्वप्न पडले’ येथे तो अनुभव घेणारा आहे. ‘माझ्या अंगात आले’ येथे तो अधिष्ठान आहे. जाणिवेवरील स्वतःची सत्ता जसजशी कमी होते, तसतशी विभक्ती बदलते.

हे मराठीचे किंवा अहिराणीचे खास वैभव आहे, असा समज मात्र होऊ नये. चतुर्थीतील अनुभवकर्ता दक्षिण आशियातील अनेक भाषांत आढळतो. भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, हा विचार एमेनोने १९५६ मध्ये मांडला. मासिकाने १९७६ च्या ग्रंथात क्षेत्रीय लक्षणांची जी तपासणी केली तीत ही रचना आली आहे. शिवाय भूक, राग, ताप व आठवण यांनाही मराठीत हीच रचना लागते. ‘अंगात ताप आहे’, ‘अंगात आळस भरला’ या वाक्यांत तर संचाराचीच विभक्ती दिसते. तेव्हा विभक्तीवरून अलौकिकाचा पुरावा काढू पाहणारा फसेल. व्याकरण येथे एवढेच सांगते, की हे अनुभव बोलणाऱ्याने केलेले नसून त्याला झालेले आहेत.

३

एवढ्याशा साक्षीला मानसशास्त्रात काही मोल आहे काय? आहे, आणि ते प्रयोगशाळेच्या निष्कर्षांशी ताडून पाहता येते.

अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये निद्रेतील शीघ्र नेत्रचलनाचा शोध प्रसिद्ध केला आणि निद्रा म्हणजे मेंदूची एकसुरी विश्रांती ही कल्पना मागे पडली. झोपेचे टप्पे आवर्तनाने येतात. प्रौढ माणसात असे एक आवर्तन साधारणपणे नव्वद मिनिटांचे असते. शीघ्र नेत्रचलनाच्या टप्प्यात जागे केलेल्या व्यक्ती बहुधा स्वप्न सांगतात, हे डेमेंट व क्लाइटमन यांनी १९५७ मध्ये दाखविले. याच टप्प्यात डोळे व श्वसन यांचे व्यापार सोडून शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल पडतात. ही शिथिलता ओसरण्यापूर्वी जाग आली, तर मनुष्य शुद्धीवर असूनही हलू शकत नाही. छातीवर कोणी बसले आहे असे त्याला वाटते. खेड्यापाड्यांतील भुताच्या कित्येक कथांचे मूळ येथे शोधता येईल.

इच्छेने झोप आणता येत नाही, हे निद्रानाशाच्या उपचारातील मूलभूत निरीक्षण आहे. झोपण्याचा प्रयत्नच जागेपणा वाढवितो. म्हणून फ्रांक्लच्या विरोधाभासी पद्धतीत रुग्णाला उलट जागे राहण्याचा प्रयत्न करावयास सांगतात. ‘लागणे’ या क्रियापदाने हेच अकर्तृत्व नोंदविले आहे. याचा व्यावहारिक उपयोग लहान नाही. ‘तुम्ही किती तास झोपता?’ असा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरला रुग्ण अंथरुणावरचे तास सांगेल, कारण ‘झोपणे’ ही कर्त्याची क्रिया आहे. परंतु ‘झोप लवकर लागते का, मध्येच जाग येते का, पहाटे जाग आल्यावर पुन्हा डोळा लागतो का?’ असे विचारल्यास निद्रानाशाचे तीन ठळक प्रकार तीन सोप्या प्रश्नांत वेगळे होतात. भाषांतरित प्रश्नावलीस जे साधत नाही ते बोलीला साधते.

तथापि ही जुळणी सर्वत्र टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘पडणे’ या क्रियापदाने स्वप्नद्रष्टा सर्वस्वी निष्क्रिय ठरतो. पण आपण स्वप्न पाहत आहोत हे स्वप्नातच ओळखणाऱ्या व्यक्ती असतात. त्यांनी आधी ठरविलेल्या नेत्रसंकेतांनी झोपेतूनच खूण केल्याची नोंद हर्नने १९७५ मध्ये इंग्लंडात व पुढे लबर्जने अमेरिकेत केली. अशा ‘जाणत्या स्वप्ना’साठी मराठीत रूढ क्रियापद नाही. ‘स्वप्न पाहणे’ हे कर्तरी रूप आहे खरे; परंतु प्रचारात त्याचा अर्थ बहुधा मनोरथ करणे असा होतो. भाषा ज्या अनुभवाला नाव देत नाही तो अनुभव समाजात नसतोच, असे मानणे ही चूक होईल. भाषा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

४

आता संतवाङ्मयाकडे वळू. तुकारामांच्या दोन स्वप्नांची परंपरेने विशेष नोंद ठेवली आहे. एका स्वप्नात नामदेव पांडुरंगासह येऊन कवित्वाची आज्ञा करतात. दुसऱ्यात बाबाजी चैतन्य मस्तकी हात ठेवून मंत्र देतात. रा. द. रानडे यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील संतांच्या अनुभवांचा तौलनिक अभ्यास करून तुकारामांच्या आत्मिक अंधाराच्या पर्वाकडे लक्ष वेधले. या विवेचनाचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते, की त्यात अनुभवाची उंची मोजली गेली, पण अनुभव सांगण्याची रीत तपासली गेली नाही.

बाबाजींच्या स्वप्नात एक लहानसा तपशील आहे. गुरू भोजनास तूप मागतात आणि स्वप्नातच शिष्याला त्याचा विसर पडतो. गुरुकृपेच्या कथनास हा तपशील अडचणीचा आहे. महिमा वाढविण्यासाठी रचलेल्या कथेत तो सहसा आला नसता. अर्धवट राहिलेले काम, ऐन वेळी झालेले विस्मरण, दिव्य प्रसंगात मध्येच आलेली घरगुती वस्तू ही स्वप्नाची ओळखीची लक्षणे आहेत. यावरून स्वप्नाची ऐतिहासिकता सिद्ध होत नाही, कारण कुशल कवी असा तपशील योजूही शकतो. परंतु ‘हा केवळ सांप्रदायिक संकेत’ म्हणून प्रसंग निकालात काढणाऱ्यांना त्या तुपाचा हिशेब द्यावा लागेल, आणि ‘हा साक्षात्कारच’ म्हणणाऱ्यांना त्या विसराचा.

तुकारामांची शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) हिचे आत्मनिवेदन याहून बोलके आहे. कोल्हापुरातील वास्तव्यात जिवाभावाचे वासरू मरण पावल्यावर ती काही दिवस निश्चेष्ट पडली होती, आणि त्या अवस्थेत तुकारामांनी तिला स्वप्नात उपदेश केला, असे ती सांगते. शोक, उपास व मूर्च्छा ही शारीरिक पार्श्वभूमी तिने लपविलेली नाही. आधुनिक वाचकाला येथे निदान करण्याचा मोह होतो. पण निदानाने अभंगांचा अर्थ लागत नाही. प्रश्न असा आहे : ब्राह्मण घरातील एका विवाहित तरुणीने, पतीचा तीव्र विरोध असताना, कुणबी संताला गुरू करावयाचे ते कोणत्या अधिकाराने? शिष्यत्व तिने ‘पत्करले’ असते तर तो अपराध झाला असता. ते तिला स्वप्नात ‘लाभले’. कर्तृत्व चतुर्थीत गेल्याने अपराधाला कर्ताच उरला नाही.

येथे व्याकरण व समाज यांची गाठ पडते. हे लबाडीचे साधन होते असा याचा अर्थ घेऊ नये. ज्या भाषेत स्वप्न ‘पडते’ तिच्यात स्वप्नाला जाब विचारता येत नाही, एवढी मोकळीक त्या स्त्रीला मिळाली. आणि त्या मोकळिकीतून मराठीतील एक दुर्मिळ स्त्री-आत्मचरित्र उभे राहिले. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. अशा भाषांतरात इंग्रजीच्या प्रकृतीनुसार ‘मी’ वाक्याच्या आरंभी बसतो व स्वप्नाचा धनी होतो. दोष भाषांतरकाराचा नाही. परंतु केवळ भाषांतरावर विसंबून सिद्धान्त मांडणाऱ्या अभ्यासकाच्या हातून नेमका हाच धागा निसटतो.

५

संचाराच्या अभ्यासात तीन दृष्टी प्रचलित आहेत. पहिली तौलनिक. बुर्गिन्यॉनने १९७३ मध्ये ४८८ समाजांची माहिती तपासून त्यांपैकी ४३७ समाजांत, म्हणजे सुमारे ९० टक्क्यांत, जाणिवेच्या बदललेल्या अवस्थेचे काही ना काही रूढ रूप असल्याचे दाखविले. संचार हा मागासलेपणाचा अवशेष आहे, या समजाला त्याने धक्का बसला. दुसरी सामाजिक. लुइसने १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले, की गाऱ्हाणे मांडण्याचा अन्य मार्ग नसलेल्या स्त्रिया व दुर्बल वर्ग यांना संचार हा मार्ग उपलब्ध करून देतो. तिसरी वैद्यकीय. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात संचारविकाराची नोंद आहे. पण समाजमान्य धार्मिक प्रसंगात येणारी अवस्था त्यातून वगळावी, असेही तेथे स्पष्ट केले आहे.

या तिन्ही दृष्टी उपयुक्त आहेत. तिन्ही अपुऱ्या आहेत. महाराष्ट्रापुरता त्यांतील एक उणेपणा जॉन स्टॅन्ली यांच्या १९८८ मधील निबंधाने दाखवून दिला : मराठी भाविक देवाचे ‘अंगात येणे’ आणि भुताची ‘बाधा होणे’ यांत काटेकोर भेद करतात, आणि इंग्रजीत दोहोंना एकच शब्द वापरल्याने तो पुसला जातो. हा भेद क्रियापदांतही उतरला आहे. देव ‘येतो’, भूत ‘लागते’ किंवा ‘धरते’. आलेला पाहुणा परत जातो. लागलेले काढावे लागते. त्यामुळे संचारलेल्या व्यक्तीपुढे लोक प्रश्न मांडतात, बाधित व्यक्तीस मात्र उपचारासाठी नेतात.

लुइसच्या विवेचनाने बहिणाबाईचे स्वप्न व सप्तशृंग गडावरील स्त्रियांचा संचार यांवर प्रकाश पडतो. पण डोंगऱ्या देवाच्या उत्सवाला ते पुरे पडत नाही. तेथे गाऱ्हाणे एका दुर्बल व्यक्तीचे नसते. साऱ्या गावाचे व्रत असते. उपास, जागरण, सलग नृत्य, एकाच स्वराची आवर्तने आणि हिवाळ्याची रात्र यांनी जाणिवेत पालट होण्यास अनुकूल अशी शारीरिक स्थिती निर्माण होते. परंतु त्या पालटास अर्थ येतो तो सभोवतालच्या माणसांच्या ओळखीमुळे. एकट्याने उपाशी जागलेल्या माणसाला ग्लानी येईल. वारे यावयास समूह लागतो.

६

यापुढचा प्रश्न नुसत्या पांडित्याचा नाही. नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये झाला. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचा आभास निर्माण करून इतरांच्या मनात भीती उत्पन्न करणे, हे कृत्य त्याच्या अनुसूचीत आहे. या तरतुदीवर दोन्ही बाजूंनी टीका झाली : एकांना ती श्रद्धेवरील घाला वाटली, दुसऱ्यांना संचाराची सगळी दृश्येच गुन्हा ठरावीत असे वाटले. दोन्ही आक्षेपक तरतुदीतील क्रिया नीट वाचीत नाहीत. कायद्याने ‘येणे’ गुन्हा ठरविलेले नाही. आभास ‘निर्माण करणे’ व भीती ‘उत्पन्न करणे’ या दोन सकर्मक क्रिया त्याने धरल्या आहेत.

बोलीने हा भेद फार पूर्वीच केला आहे. ‘येणे’ या क्रियापदाचे सकर्मक जोडरूप ‘आणणे’. मराठीत ‘आव आणणे’, ‘सोंग आणणे’, ‘उसने अवसान आणणे’ हे सारे प्रयोग कृत्रिमतेचे आहेत. रडू आले तर दुःख. डोळ्यांत पाणी आणले तर नाटक. झोप लागलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, हे म्हणताना खेड्यातला माणूस कर्तृत्वाची हीच कसोटी लावीत असतो. अंधश्रद्धेविषयीचे प्रबोधन ज्यांना करावयाचे आहे त्यांनी श्रोत्यांच्या भाषेतील ही कसोटी हाती घ्यावी. ‘तुमचा अनुभव खोटा’ असे म्हणण्यापेक्षा ‘हे आले की आणले, आणि आणून काय मागितले?’ हा प्रश्न अधिक न्याय्य आहे व अधिक भेदकही आहे.

अर्थात ‘आले’ म्हटल्याने ते देवाकडूनच आले असे ठरत नाही. ताप येतो त्याचे कारण जंतू असतात. वारे येते त्याचे कारण शरीर, मन व समूह यांच्या व्यापारांत शोधावे लागेल. तसेच ‘आले’ आणि ‘आणले’ यांच्यामध्ये एक धूसर प्रदेश आहे. उपासक व्रत धरतो, जागतो, नाचतो. म्हणजे येण्याची वाट तो स्वतःच मोकळी करीत असतो. निजणारा मनुष्यही दिवा मालवून डोळे मिटतो व झोप लागण्याची वाट पाहतो. या प्रदेशात अनुभव प्रामाणिक असूनही कर्तृत्व सर्वस्वी लोपलेले नसते. तेथे व्याकरण थांबते. पुढचे काम मानसशास्त्राचे आहे.

७

परिभाषेविषयी दोन शब्द सांगून ही चिकित्सा संपवावयास हरकत नाही. ‘जाणिवेच्या बदललेल्या अवस्था’ या संज्ञेत एक गृहीत दडले आहे : जागेपणाची सामान्य जाणीव हा मूळ रंग, बाकी सारे बदल. टार्टच्या १९६९ च्या संग्रहानंतर रूढ झालेल्या इंग्रजी संज्ञेतून ते आले. भारतीय परंपरेत मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती व तुर्य या चार अवस्था एका मालिकेत मांडल्या आणि जागृतीला त्यांतील एक मानले. संतांच्या ‘उन्मनी’ला याच मांडणीची पार्श्वभूमी आहे. म्हणून जुने शब्द जसेच्या तसे उचलून प्रयोगशाळेतील टप्प्यांना चिकटवावेत असे नाही. सुषुप्ती म्हणजे गाढ निद्रेचा अमुक टप्पा, हे समीकरण पाठ्यपुस्तकांत सोयीचे असले तरी शास्त्रीय नव्हे. एक शब्द तत्त्वचिंतनाचा आहे, दुसरा विद्युत्‌-आलेखाचा.

करण्याजोगे काम याहून साधे व अधिक कष्टाचे आहे. सटाणा, कळवण, सुरगाणा व साक्री या पट्ट्यातील बोलींत झोप, स्वप्न, गुंगी, वारे व बाधा यांविषयी कोणती क्रियापदे, कोणत्या विभक्तींसह व कोणाच्या तोंडी येतात, याची पद्धतशीर नोंद झाली पाहिजे. संचार ओसरल्यावर ती व्यक्ती स्वतःविषयी कोणत्या पुरुषात बोलते, हे विशेष टिपावयास हवे. कारण संचारकाळातील ‘मी’ देवाचा असतो, आणि तो माणसाकडे परत येतो तो क्षण या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. ही नोंद जुन्या पिढीच्या तोंडूनच मिळावयाची आहे. बागलाणातील शाळकरी मुलाची भाषा प्रमाण मराठीकडे झुकत आहे. विभक्ती कदाचित टिकेल, पण शब्द जातील. ते गेल्यावर उरणारी प्रश्नावली भाषांतरित असेल आणि तिला मिळणारी उत्तरेही तशीच असतील.